सिंहासन
अभिषेकसमयी व दरबारप्रसंगी राजाने अधिष्ठित व्हावयाचे उच्चासन. सिंहाकृतींच्या आधारावरून ही संज्ञा रूढ झाली. मराठी दप्तरांत त्याच्या जोडीस ‘तख्त’, ‘मसनद’ व ‘गादी’ हे शब्द येत असले, तरी ते सर्वस्वी समानार्थी नव्हेत; तख्त या शब्दात राजधानीचाही बोध अंतर्भूत असतो, तर सातारा-कोल्हापूरची गादी म्हणताना आसनापेक्षा वारसाहक्काची परंपराच अभिप्रेत असते, आणि म्हणूनच मठाधिपतीसही ‘गादीवर बसणे’ शोभून दिसते.

रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपती ज्या सिंहासनावर आरूढ झाले, ते बत्तीस मण सोन्याचे होते असे सभासद बखर सांगते. परंतु त्या सोहळ्यास प्रत्यक्ष उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने टिपलेला तपशील अधिक मोलाचा मानावा लागतो. सिंहासनाच्या उजव्या बाजूस मोठ्या दातांची सुवर्णमत्स्यमुखे, डाव्या बाजूस अश्वपुच्छे आणि भाल्याच्या अग्रावर समतोल लोंबणारा सोन्याचा तराजू अशी राजचिन्हे त्याने पाहिली. त्यांपैकी तराजू हे न्यायाचे चिन्ह होय.

मोगलांच्या सिंहासनांपैकी शाहजहानचे रत्नखचित मयूरासन प्रसिद्ध होय; ते नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीच्या लुटीबरोबर इराणास नेले.