घोंगडीच्या पडद्याआडचा संसार

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया सापडतात. लढणाऱ्याची बायको कोठे राहात होती, हे सहसा सापडत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हाच विषय घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी पलटणी पाहा. मायदेशी शंभर शिपायांमागे जेमतेम सहा बायकांना बराकीत राहण्याची परवानगी असे. वेगळी खोली बहुधा नसेच. पुरुषांनी भरलेल्या लांबलचक दालनाच्या कोपऱ्यात घोंगडी टांगायची आणि तिच्याआड संसार मांडायचा, बाळंतपणही तेथेच. पलटणीचे कपडे धुऊन चार पैसे मिळवायचे. पलटण समुद्रापार निघाली की चिठ्ठ्या टाकीत. जिच्या नशिबी ‘राहावे’ अशी चिठ्ठी येई, ती मुलांसह मागे राही.

आपल्या हिंदी शिपायाची तऱ्हा निराळी. सरकार थोडे पैसे देई आणि ‘लाइनी’त मातीची झोपडी त्याने स्वतःच उभारायची.

हे बदलले ते दयेपेक्षा हिशेबाने. १८५७ साली नेमलेल्या आयोगाने दाखवून दिले की, शांततेच्या काळातही बराकीतले शिपाई त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. कारण दाटी, कोंदट हवा, घाण. १८६३ च्या अहवालात हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेचा आकडा आला: दरसाल हजारी ६९ मृत्यू. दोन्ही कामांमागे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई होत्या. त्यांनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही. छावण्यांना छापील प्रश्न पाठवून आलेल्या उत्तरांवरून त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. मायदेशी दर माणशी ६०० घनफूट जागेची शिफारस झाली, खिडक्या-मोऱ्यांकडे लक्ष गेले आणि विवाहितांना हळूहळू वेगळ्या खोल्या मिळू लागल्या.

स्वतंत्र भारतात २००२ साली सैनिकांच्या कुटुंबांसाठी सुमारे दोन लाख घरांची योजना हाती घेण्यात आली. स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी, आतून कडी लागणारे दार! आघाडीवर गेलेल्या जवानाच्या कुटुंबासाठीही काही ठिकाणी घरे राखलेली असतात. मात्र नंबर लागेपर्यंत थांबावे लागते.

एक गोष्ट मला विसरवत नाही. ते आकडे शिपायांच्या मरणाचे होते. पडद्याआडच्या बाईला दार मिळाले ते त्यांच्या मागून. आपल्या शेजारी एखाद्या जवानाची पत्नी एकटी राहात असेल, तर तिची विचारपूस करायला आपण कोणत्याही अहवालाची वाट पाहू नये.