दाराचे कुलूप बिघडले : स्वतः उघडावे की किल्लीवाल्याला बोलवावे?

शास्त्री नदीच्या मुखाशी वसलेल्या जयगडमध्ये आणि आसपासच्या वाड्यांमध्ये वर्षातील बरेच महिने बंद राहणारी घरे पुष्कळ आहेत. मालक मुंबई-पुण्यात असतो आणि गणपती, शिमगा व मे महिन्याची सुट्टी एवढ्याच प्रसंगी दाराला हात लागतो. मधल्या काळात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि समुद्रावरून येणारी खारी हवा कुलपाचा समाचार घेत असते. मग चतुर्थीच्या आदल्या दिवशी सामानसुमानासह अंगणात उभे राहावे आणि किल्ली फिरू नये, असे घडते. किल्लीवाला रत्नागिरीत, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरवर. अशा वेळी हातोडी शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि बिघाड नेमका कुठे आहे ते आधी पाहावे.

कुलपे मुख्यतः दोन प्रकारची. पहिल्यात पितळी पट्ट्या असतात, ज्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचे दाते त्या ठराविक उंचीपर्यंत उचलतात. या रचनेला रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये पेटंट घेऊन आधुनिक रूप दिले. दुसऱ्यात बारीक पिना आणि त्यांच्यावर स्प्रिंगा असतात. लायनस येलचे १८६१ चे पेटंट याच प्रकारचे. आर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून यांतील कुलपे मराठी घरांच्या परिचयाची आहेत. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण एवढेच, की दोन्ही प्रकारांत सुटे भाग केसभर अंतराने एकमेकांजवळून सरकतात. तेवढ्या फटीत मीठ बसले तरी पुरते. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही आतील स्प्रिंगा आणि दांडीची खाच ओलीच राहते.

पहिली परीक्षा सोपी आहे, पण ती क्वचितच कोणी करतो. घरात दुसऱ्या दाराने जाता आले, तर बिघडलेले दार उघडे ठेवून किल्ली फिरवून पाहावी. उघड्या दारात लॉक नीट चालते आणि दार लावल्यावरच अडते, तर दोष लॉकचा नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसते आणि लॉकची जीभ चौकटीतील भोकासमोर येत नाही. येथे किल्लीवाल्याचे काही काम नाही. बिजागरी आवळावी, नाहीतर चौकटीवरची पट्टी कानशीने थोडी मोठी करावी. एखादा सुतारही हे काम अर्ध्या तासात करतो. अशा बिघाडावर नवे लॉक विकणारा दुकानदार भेटला, तर त्याला नमस्कार करून निघावे.

कडी-कोयंड्याला लावलेले टाळेच गंजले असेल, तर गंज सोडवणारा फवारा किल्लीच्या भोकात आणि दांडीच्या दोन्ही खाचांत मारावा, अर्धा तास थांबावे आणि कुलपावर लाकडाच्या तुकड्याने हलके ठोके द्यावेत. त्यानंतर किल्ली पुढे-मागे अलगद फिरवावी. पकडीने किल्ली पिळू नये. किल्ली पितळी असते आणि आधी तीच तुटते. खोबरेल तेलाचा घरगुती उपाय मात्र टाळावा. ते काही महिन्यांत चिकट होते, धूळ धरते आणि पुढच्या वर्षीचे संकट स्वतःच तयार करते. पेन्सिलीच्या शिशाची पूड हा उपाय पुण्यासारख्या कोरड्या हवेत उत्तम, परंतु खाऱ्या ओलाव्यात शिसे म्हणजे ग्रॅफाइट लोखंडाचा गंज वाढवू शकते. किनाऱ्यावर टेफ्लॉनयुक्त कोरडा फवारा अधिक बरा.

किल्ली भोकात तुटली असेल, तर तिला दुसऱ्या किल्लीने आत ढकलू नये. पिनांच्या लॉकमध्ये किल्ली ज्या स्थितीत आत गेली त्याच स्थितीत बाहेर येते, म्हणून सिलिंडर अर्धवट फिरलेला असल्यास तो बारीक स्क्रू ड्रायव्हरने आधी मूळ जागी आणावा. त्यानंतर करवतीच्या अगदी अरुंद पात्याने तुकडा दात्यांत अडकवून ओढता येतो. तुकड्याला फेव्हिक्विक लावून ओढण्याचा प्रयत्न केला की लॉक कायमचे गेले असे समजावे.

याउलट किल्ली हरवली आहे, बंद दाराआड मूल अडकले आहे किंवा गॅस चालू राहिला आहे, अशा वेळी हातचलाखीची परीक्षा घेऊ नये. माहितगाराला बोलवावे, धोका असेल तर दार फोडावेच, लॉकपेक्षा जीव मोलाचा. किल्लीवाल्याशी प्रवासखर्चासह मजुरी आधी ठरवावी, आणि प्रथम न फोडता उघडून पाहा असे स्पष्ट सांगावे. तो काम करीत असताना कुणीतरी शेजारी हजर असावा. घर आपल्या नावावर नसेल तर पोलीस पाटलालाही कळवलेले बरे. नवीन किल्ली करताना नमुना घेऊन त्याला दुकानात एकटे पाठवू नये.

कोयंड्याचे स्क्रू काढून दार उघडता येते, अशी युक्ती गावात कुणी ना कुणी सांगतोच, आणि ती खरीही असते. पण दार बंद असताना ते स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर तीच दहा मिनिटे चोरालाही पुरतात. कुलूप उघडल्यावर त्याच दिवशी कोयंडा आरपार बोल्टने बसवावा आणि नट आतल्या बाजूला ठेवावा. कौले काढून आत उतरण्याच्या जुन्या वाटेबाबतही हेच म्हणता येईल.

हरवलेल्या किल्लीनंतर संपूर्ण लॉक बदलण्याची गरज बहुधा नसते. आधुनिक मॉर्टिस लॉकमधील सिलिंडर दाराच्या कडेतील एकाच लांब स्क्रूने धरलेला असतो. तो स्क्रू काढून किल्ली किंचित फिरवली की सिलिंडर सरकून बाहेर येतो. अर्थात त्यासाठी हाताशी एक चालणारी किल्ली हवी. जुन्या सिलिंडरची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून, तीच लांबी दुकानात सांगावी.

टाळ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. आत बाष्प कोंडते. त्याऐवजी सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरून छपरासारखा सोडावा, खालून मोकळा. आणि एक किल्ली विश्वासातील शेजाऱ्याकडे ठेवून, महिन्यातून एकदा ती फिरवून पाहण्याची त्यांना विनंती करावी.