पेशवे दरबाराचें चित्र : रेखाटनापासून तैलचित्रापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याजवळ शिवणी नांवाचें गांव आहे. १८१८ सालच्या एप्रिलांत कर्नल ॲडम्स यानें दुसऱ्या बाजीरावास याच ठिकाणीं गांठलें व त्याच्या फौजेची दाणादाण केली. पुढें जूनच्या आरंभीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. ज्या गादीची शेवटची धांवपळ वऱ्हाडच्या या रानांत झाली, तिचें वैभव अवघ्या अठ्ठावीस वर्षांपूर्वी कसें होतें, हें मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें येतें तें बहुधा एकाच चित्राच्या द्वारें. शनिवारवाड्यांतील गणेश-महालांत दरबार भरला आहे, मागें गजाननाची मूर्ति आहे, तरुण सवाई माधवराव मसनदीवर बसले आहेत, नाना फडणीस जवळच आहेत आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तहाचा कागद सादर करीत आहे. या चित्राच्या प्रती पुष्कळांनीं पाहिल्या असतील. मूळ तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे.

प्रसंग ६ ऑगस्ट १७९० चा. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम व पेशवे यांचा तह १ जून रोजीं पुण्यास ठरला होता. त्याची कॉर्नवॉलिसनें मान्य केलेली प्रत मॅलेटनें त्या दिवशीं भर दरबारांत दिली. चित्र इतकें बारकाईचें आहे, कीं चितारी कोपऱ्यांत बसून सारें टिपून घेत होता असें कोणासही वाटावें. परंतु तसा चितारी तेथें कोणी नव्हता. चित्र पुरें झालें १८०५ सालीं, लंडनमध्यें. आणि तें काढणारा टॉमस डॅनियल या दरबाराचा साक्षी नव्हता.

मग हे चेहरे आले कोठून? ते आले जेम्स वेल्स नांवाच्या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांतून. वेल्स १७९१ सालीं मुंबईस उतरला व १७९२ सालीं मॅलेटच्या आश्रयानें पुण्यास आला. म्हणजे तोही तहाच्या दिवशीं पुण्यांत नव्हताच. मात्र पुढील तीन वर्षांत त्यानें दरबारचीं माणसें समोर बसवून पाहिलीं. त्याच सालीं त्यानें सवाई माधवराव व नाना यांचें एकत्र चित्र काढलें. तें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे. हिंदुस्थानांतून परत आलेल्या महादजी शिंद्यांचेंही चित्र त्यानें केलें.

त्या काळच्या यूरोपीय चित्रकारांची रीत अशी, कीं तैलरंगाचें मोठें काम एकदम आरंभावयाचें नाहीं. आधीं शिसपेनीनें कागदावर आकृति धरावयाची. राजकारणी माणूस घटका दोन घटकांवर बसत नाहीं, म्हणून तेवढ्या वेळांत चेहरा साधून घ्यावयाचा. पगडीची घडी, अंगरख्याचे बंद, कट्यारीची मूठ हीं निराळ्या कागदांवर सवडीनें उतरावयाचीं, आणि रंग आठवावा म्हणून बाजूस दोन शब्द लिहून ठेवावयाचे. मोठें चित्र करावयाचें झालें म्हणजे रेखाटनावर उभ्या-आडव्या रेषांच्या चौकटी आंखून तेवढ्याच चौकटी मोठ्या प्रमाणावर कापडावर काढीत व एकेक घर भरीत जात. शाळेंत नकाशे मोठे करतांना मुलें हेंच करतात.

वेल्सबरोबर काम करणारा एक पुण्याचा माणूस होता, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. गंगाराम चिंतामण तांबट हें त्याचें नांव. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा त्यानें १७९० सालीं कागदावर उतरविला. मॅलेटसाठीं वेरूळचीं लेणीं रेखाटलीं. देशी लेखणीला यूरोपीय छायाप्रकाशाची जोड देण्याचा त्याचा यत्न त्या कागदांत स्पष्ट दिसतो. साहेबांच्या पुस्तकांतून तळटीपेपुरतें उरावें, त्याहून हें नांव मोठें आहे.

आणि मग मृत्यूनें घाई केली. १७९४ च्या फेब्रुवारींत महादजी वारले. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव वाड्यांतून खालीं पडून दोन दिवसांनीं निधन पावले. वय अवघें एकवीस. पुढच्याच महिन्यांत वेल्सही गेला. ज्याचा चेहरा घेतला तो नाहीं, ज्यानें घेतला तोही नाहीं; मागें राहिले ते कागदांचे गठ्ठे. ते मॅलेटनें जपले. १७९९ सालीं त्यानें वेल्सची कन्या सुझाना हिच्याशीं विवाह केला, आणि सासऱ्याचें अपुरें काम डॅनियलच्या हवालीं केलें. वेल्सच्या वेरूळच्या रेखाटनांवरून डॅनियलनें १८०३ सालीं ग्रंथ काढला. दोन वर्षांनीं दरबाराचें चित्र पुरें झालें. १८०७ सालीं त्यावरून छापचित्रही निघालें आणि दरबार घरोघर जाण्याजोगा झाला.

आतां हें चित्र पुरावा म्हणून किती मानावें? तहाच्या दिवशीं पेशव्यांचें वय सोळा होतें. वेल्सपुढें ते बसले तेव्हां अठराचे झाले होते. चेहरा खरा, पण दोन वर्षें पुढचा. माणसांची मांडणी, प्रकाशाची योजना आणि मॅलेटला मिळालेलें मानाचें स्थान यांत तर डॅनियलची कल्पना व पैसे देणाऱ्याची इच्छा यांचा हात मानलाच पाहिजे. वेल्स स्वतः जगता तर दरबार असाच रंगविता काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून चित्र आणि रेखाटनें यांत मतभेद पडेल तेथें इतिहासकारानें रेखाटनांची बाजू घ्यावी. कागदावरची ओळ माणूस समोर असतांना ओढली गेली. तैलरंग त्याच्या पश्चात् चढला.

वेल्सची रोजनिशी आणि त्याचीं व गंगारामचीं पुष्कळ रेखाटनें आज अमेरिकेंत, येल येथील ब्रिटिश कलासंग्रहांत आहेत. शनिवारवाड्यास १८२८ च्या फेब्रुवारींत आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. लांकडी महाल जळाले व तट, दरवाजे आणि जोतीं तेवढीं राहिलीं. गणेश-महालाचे खांब आणि कमानी पाहावयाच्या असतील तर अजूनही त्याच चित्रापाशीं जावें लागतें.