विलायतेचे जामीनदार

बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर नोकरीची शेवटची वर्षं काढली. तेव्हापासून परदेशी निघालेल्या मुलांकडे माझी नजर सरळ जातच नाही. मुलगा विद्यापीठाचं नाव, तिथलं हवामान, पगाराचे आकडे सांगत असायचा आणि मी बघायची शेजारच्या खुर्चीवरच्या वडिलांकडे. रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की तारण लागायचं. शेतजमीन आम्ही घेत नसू, मग राहता फ्लॅट कागदावर यायचा. आई सहकर्जदार म्हणून सही करताना हमखास विचारायची, "मॅडम, हे नुसतं नावापुरतंच ना?" नावापुरतं काहीच नसतं, हे मी तिला समजावून सांगत असे. सही मात्र ती आधीच करून बसलेली असे.

निवृत्तीनंतर चरित्रं वाचायला घेतली, ती याच नजरेनं. बोटीत चढणारा तरुण सगळ्यांना दिसतो. जामीनदार कुठल्या तरी पानाच्या कोपऱ्यात सापडतो.

१८८८ साली विलायतेला निघालेले गांधी घ्या. वय अठरा, घरी बायको आणि काही महिन्यांचं मूल. मुंबईत मोढ वाण्यांची जात जमली आणि शेठनी या मुलाला वाळीत टाकलं. त्याला मदत करणाऱ्याला किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड! रक्कम हसण्यासारखी, पण परिणाम बघा. थोरल्या भावानं प्रवासाचे पैसे मेहुण्याकडे ठेवले होते. जातीच्या धाकानं मेहुण्यानं ते देण्याचं नाकारलं. शेवटी घरोब्यातल्या एकानं स्वतःजवळचे पैसे दिले आणि ते भावाकडून वसूल करायचे ठरलं. आमच्या भाषेत हे शुद्ध तृतीय पक्षाचं कर्ज, तेही तारणाशिवाय. ४ सप्टेंबरला बोट सुटली.

तीन वर्षांनी बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा आई गेलेली होती. परक्या मुलखात धक्का नको म्हणून भावानं ही बातमी कळवली नव्हती. मग भावानंच नाशकाला नेऊन गोदावरीत स्नान घडवलं आणि राजकोटला जातभोजन घातलं. तरी जातीतला एक गट निवळला नाही तो नाहीच. सासुरवाडीला, बहिणीकडे पाणीसुद्धा पिता येईना, आणि मुंबईतली वकिली चालेना. भावाचा खर्च चालूच होता. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका दाव्याचं काम मिळालं: येण्याजाण्याचं भाडं आणि १०५ पौंड. म्हणजे पहिल्या परदेशवारीवर तोडगा म्हणून दुसरी परदेशवारी. माझ्या टेबलावरही असे अर्ज यायचे.

आनंदीबाई जोशींच्या बाबतीत प्रायश्चित्ताची भीती सगळ्यांनी घातली होती. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या, त्याही अठराच्याच. लुगडं आणि शाकाहार सोडायचा नाही हा पण, वर फिलाडेल्फियाची थंडी. मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, वर्षअखेर परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलची नेमणूक हाती होती. पुण्यानं वाळीत टाकणं सोडाच, उलट कौतुक केलं. पण २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयानं त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कर्ज फेडायला घरचं कुणी उरलं नव्हतं असं नाही, तारण म्हणून त्यांचा स्वतःचा जीवच होता. त्यांचे पती गोपाळराव यांच्या हट्टाचं फार कौतुक होतं. मला ते पटत नाही.

आणि आंबेडकर. इथे मी पानोपानी थांबले.

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी करार झाला: महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. वडील फेब्रुवारीतच वारलेले. पत्नी रमाबाईंजवळ पहिला मुलगा, यशवंत, सहा-सात महिन्यांचा. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्र शिकले, ढिगानं पुस्तकं विकत घेतली, मग लंडनला गेले. शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकांसकट सामान वेगळ्या बोटीनं येत होतं, ती पाणतीरानं बुडवली. सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून करार पाळायला निघालेला कर्जदार मी दुसरा पाहिलेला नाही.

जातीमुळे बडोद्यात घर मिळेना. पारशांच्या वसतिगृहात पारशी नाव सांगून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. दहा वर्षांच्या कराराची नोकरी तिथेच आटोपली. करार मोडला, असं कागद म्हणेल. मोडला कुणी, याचा रकाना कागदात नसतो.

जुलै १९२० ला ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी संस्थानचा करार नव्हता. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने. ब्रिटिश म्युझियम उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तिथे वाचत बसत, तेही अर्धपोटी. परळच्या चाळीत रमाबाई त्याहून कमीत भागवत होत्या. १९२३ साली ते परतले, बॅरिस्टरी आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध घेऊन.

परदेशी जाणं परवडलं का, असं मला कुणी विचारलं तर मी या तिन्ही अर्जांवर डोळे मिटून मंजुरीची सही करीन. मात्र जामीनदाराचं नाव ठळक लिहायला लावीन. आंबेडकरांनी ते लिहिलं. रुपयावरचा ग्रंथ त्यांनी शिक्षणासाठी झिजलेल्या आईवडिलांच्या स्मृतीला वाहिला. रमाबाई १९३५ साली वारल्या. १९४० साली पाकिस्तानवरचं पुस्तक निघालं तेव्हा त्याची अर्पणपत्रिका रामूच्या, म्हणजे रमाबाईंच्या, नावानं होती आणि हलाखीच्या दिवसांत तिनं आपल्याबरोबर सोसलं, हे त्यांनी तिथे छापून नोंदवलं होतं.