पेट्रोलच्या आकड्याची बखर

राजांच्या बखरी आपल्या मराठीत पुष्कळ आहेत. किल्ल्यांचा, लढायांचा आणि तहांचा इतिहास दिवाळी अंकाच्या वाचकांना तोंडपाठ असतो. परंतु पेट्रोलपंपावरच्या रंगीत पाटीवर ९५, ९७, १०० असे जे आकडे लिहिलेले असतात त्यांचीही एक बखर आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. या बखरीत महायुद्ध आहे, विष आहे, लबाडी आहे आणि एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचे बलिदानही आहे. मी काही इंजिनियर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना इतिहास-भूगोल सांगणारा आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारा मी एक मास्तर. तेव्हा यंत्राची भाषा ज्यांना परकी वाटते त्या वाचकांनी बिचकू नये. मलाही ती परकीच होती.

हा विषय माझ्या डोक्यात घातला तो माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी. आमच्या अमरावती-अकोल्याकडे शाळा सुटलेली पोरे चार-दोन वर्षांत कर्ज काढून एखादी छोटी मालगाडी घेतात. वरूड-मोर्शीची संत्री अमरावतीच्या बाजारात आणायची, अमरावतीचा माल मूर्तिजापूरवरून अकोल्याला न्यायचा, परतताना सिमेंटच्या गोण्या नाहीतर लग्नाची भांडी भरायची, असा त्यांचा संसार चालतो. वाटेत भेटले की हटकून विचारतात, "गुरुजी, तुमी तं पुस्तकं वाचता. गाडीले साधं पेट्रोल टाकू का थे महागाचं? कोन्त्यानं जास्त जोर येते?" दिवसाला सात-आठ लिटर जाळणाऱ्या माणसाला लिटरमागे सहा-सात रुपयांचा फरक म्हणजे महिन्याकाठी एका मुलाच्या शिकवणीची फी. प्रश्न पोटाचा आहे. तो हसण्यावारी नेता येईना.

शोध घेऊ लागलो तेव्हा प्रथम ध्यानात आले ते हे, की वऱ्हाडातल्या मालवाहतुकीला हा प्रश्नच नवा आहे. आजवर आमचा माल वाहिला तो डिझेलने. २००५ साली टाटांची 'एस' ही गाडी निघाली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे लाडके नाव दिले. तीही आरंभी डिझेलचीच होती. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नुसत्या दाबाने हवा इतकी तापते की तीत डिझेल पडताच पेट घेते. तेथे इंधन जितके लवकर पेटेल तितके चांगले, आणि त्याची मोजदाद 'सीटेन' नावाच्या वेगळ्याच आकड्याने होते. पेट्रोलचे नेमके उलटे. तेथे ठिणगीच्या आधी पेट घेणे हा अपराध! डिझेलचा गुण तो पेट्रोलचा दोष. पुढे १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा'चे कडक नियम आले. लहान डिझेल इंजिनाचा धूर त्या नियमांत बसवणे महागात पडू लागले, म्हणून छोट्या मालगाड्यांत पेट्रोलची इंजिने दिसू लागली. अशा रीतीने ऑक्टेनचा आकडा आमच्या संत्र्याच्या पाट्यांपर्यंत येऊन पोचला.

आता ऑक्टेन म्हणजे काय? दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा फटाक्यांचेच उदाहरण घेऊ. लवंगी फटाक्यांची माळ वातीकडून पेटवली म्हणजे ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने तडतडत जाते. पण माळ आधीच तापलेली असेल आणि आग पोचण्यापूर्वीच दुसरे टोक आपल्या आपण भडकले, तर एकदम धडाका उडतो. इंजिनाच्या सिलिंडरात हाच प्रकार घडतो. दट्ट्या हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबतो, ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. ज्योत पोचायच्या आत उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने स्वतःच पेटले तर धक्का बसतो, आणि बाहेर खडखड ऐकू येते. गॅरेजातले मिस्त्री याला 'नॉकिंग' म्हणतात. फार दिवस चालले तर दट्ट्याची वाट लागते. पेट्रोल हा दाब किती सोसते, याचे माप म्हणजे ऑक्टेन. हा आकडा जोराचा नव्हे, धीराचा आहे. एवढे एक वाक्य ज्याने ध्यानात ठेवले त्याला पुढची सारी बखर सोपी जाईल.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो या संशोधकाने दाखवून दिले, की इंजिनाकडून अधिक काम घ्यायचे तर मिश्रण अधिक दाबले पाहिजे, आणि या मार्गात खरा अडसर आहे तो या अकाली पेटण्याचा. १९२६ साली अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर याने मोजपट्टी बसवली. आयसो-ऑक्टेन नावाचा अतिशय धीराचा द्रव घेऊन त्याला त्याने १०० गुण दिले आणि हेप्टेन नावाच्या उतावळ्या द्रवाला शून्य. हे शुद्ध हेप्टेन त्या काळी एका जातीच्या पाइन वृक्षाच्या चिकापासून काढीत. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग पहिले आणि ९ भाग दुसरे यांच्या मिश्रणाइतके धीराचे पेट्रोल. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना जाता जाता सांगतो: तिकडच्या पंपावरचा ८७ हा आकडा आपल्या सुमारे ९१ च्या बरोबरीचा असतो. तेथे दोन रीतींनी केलेल्या मोजमापांची सरासरी लिहितात; आपण त्यांतली एकच, मोठा आकडा देणारी, धरतो.

मोजपट्टी आली, पण आकडा वाढवायचा कसा? याचे उत्तर तिच्याआधीच सापडले होते, आणि येथेच या बखरीतले काळे पान उलटते. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली या संशोधकाला आढळले, की शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले तरी पेट्रोलची खडखड थांबते. मद्यार्काने, म्हणजे इथेनॉलनेही, ती थांबते हे त्याला आधीपासून ठाऊक होते. पण मद्यार्क मोठ्या प्रमाणात घालावा लागे आणि तो कुणालाही गाळता येई. शिसे थोडेसे लागे आणि त्यावर मालकी हक्क सांगता येई. २ फेब्रुवारी १९२३ रोजी ओहायो राज्यातल्या डेटन शहरी हे पेट्रोल विकावयास ठेवले गेले. नाव ठेवले 'एथिल'. शिशाचा उच्चारच नाही! पुढल्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात शिशाच्या वाफांनी भ्रमिष्ट होऊन पाच कामगार दगावले. अॅलिस हॅमिल्टनसारख्या डॉक्टरबाईंनी कंठशोष केला. पण शिसे जिंकले, आणि पाऊणशे वर्षे साऱ्या जगाच्या रस्त्यांवर त्याचा धूर पसरला.

मोठा आकडा नेहमी निरुपयोगी असतो असे मात्र कुणी समजू नये. १९४० साली ब्रिटनवरील हवाई युद्धात इंग्रजांच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले आणि त्यांची इंजिने अधिक दाबाने चालवता आली. येथे जोर आला तो इंजिनातून. पेट्रोलने फक्त तो सोसला.

त्याच महायुद्धाने आमच्या वऱ्हाडालाही एक धडा दिला. १९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि येनानजाँगच्या तेलविहिरी इंग्रजांनी माघार घेताना आपल्याच हातांनी उद्ध्वस्त केल्या. पेट्रोल दिसेनासे झाले तेव्हा मोटारींना लोखंडी भट्ट्या जोडून लाकडी कोळशाच्या वायूवर त्या चालवू लागले. माझे आजोबा या मोटारींच्या गोष्टी फार रंगवून सांगत. पहाटे ड्रायव्हरचा माणूस भट्टी फुंकत बसे, अर्ध्या तासाने गाडी सुटे, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट लागला की उतारू आपण होऊन खाली उतरत. आता मौज पाहा! कोळशाच्या या वायूची दाब सोसण्याची शक्ती साध्या पेट्रोलपेक्षा किती तरी अधिक. ऑक्टेनच्या मापाने तो उंची माल. पण त्यात उष्णताच थोडी, म्हणून इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटे. आकडा मोठा आणि गाडी ढकलायची पाळी, हे आमच्या आजोबांच्या पिढीने घाटात अनुभवले होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबईला ट्रॉम्बे भागात तेलशुद्धीचे कारखाने निघाले. १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा. पुढे १९७४ आणि १९७६ साली या कंपन्यांचा कारभार सरकारकडे आला. पेट्रोल देशी झाले, पण शिसे गेले नाही. माझे सारे बालपण त्याच धुरात गेले. अमरावतीच्या राजकमल चौकात स्कुटरींच्या आणि ऑटोरिक्षांच्या मागे सायकल मारीत आम्ही शाळेत जात होतो, तेव्हा ज्या गोष्टीने लहान मुलांची बुद्धी मंदावते ती आपण छातीभर ओढून घेत आहोत हे आमच्या आईबापांना कुणी सांगितले नव्हते. १९९५ साली चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल आले. उरलेल्या देशाला त्यासाठी १ फेब्रुवारी २००० पर्यंत थांबावे लागले. जगातून हे पेट्रोल पुरते हद्दपार झाले ते २०२१ साली, अल्जीरियाने ते बंद केल्यावर.

आकडा वाढवण्याचे जसे उपाय आहेत तसाच तो पाडण्याचा एक धंदाही आहे. तो म्हणजे रॉकेलची भेसळ. रॉकेलला धीर असा नाहीच. पेट्रोलात ते मिसळले की चांगली गाडी खडखडू लागते. अकोल्याजवळ गायगावला जसा तेलाचा डेपो आहे, तसाच अकोल्याहून मुंबईच्या वाटेवर मनमाडजवळ पानेवाडीला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी त्या परिसरात भेसळीचा धंदा डोळ्यांनी पाहिला आणि तो अडवला. भेसळखोरांनी त्यांना भरदिवसा जिवंत जाळले. पेट्रोलच्या शुद्धतेसाठी महाराष्ट्रात एका माणसाने प्राण दिला आहे, हे पाटीवरचा आकडा वाचताना कधीतरी आठवावे.

याच मनमाडचे नाव आणखी एका कारणाने या बखरीत येते. मिजलीने बाजूला सारलेला मद्यार्क ऐंशी वर्षांनी परतला. २००१ साली पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रयोग देशात झाले ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातले बरेली येथे. २००३ पासून पाच टक्के, २०२२ च्या जूनपर्यंत दहा टक्के आणि २०२५ साली वीस टक्के अशी मजल झाली. उसापासून, मक्यापासून, तांदळापासून गाळलेले हे इथेनॉल धीराचे खरे. त्याचे ऑक्टेन १०८ च्या वर आहे. पूर्वीचे ८८ चे पेट्रोल पुढे ९१ चे झाले होते; इथेनॉलच्या या गुणामुळे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल ९५ चे झाले. मग गाडी जास्त चालते का? नाही! लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा सुमारे तिसरा हिस्सा उष्णता कमी असते. २०२१ साली नीती आयोगाच्या अहवालानेच सांगितले, की वीस टक्क्यांसाठी न बनवलेल्या चारचाकी गाडीचे ॲव्हरेज सहा ते सात टक्के घटेल, आणि त्यासाठीच जुळवलेल्या गाडीचे एक-दोन टक्के. कोळशाच्या मोटारीचा धडा, फक्त सौम्य रूपात.

तेव्हा गाडीवाल्याने करावे काय? कंपनीचे पुस्तक उघडावे, टाकीच्या झाकणाच्या आतली पाटी वाचावी आणि तेथे लिहिलेल्या आकड्याचे पेट्रोल भरावे. साध्या छोट्या मालगाडीला सहसा पंपावरचे साधे पेट्रोल पुरते. २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने मथुरेच्या कारखान्यातून १०० ऑक्टेनचे पेट्रोल काढले, तेव्हा त्याची किंमत साध्याच्या जवळजवळ दुप्पट होती. ते ज्या इंजिनांसाठी आहे त्यांना दाब फार असतो. संत्र्याच्या गाडीत ते घालणे म्हणजे बैलाला शर्यतीच्या घोड्याचा खुराक चारणे. पुस्तकातच ९५ वा अधिक आकडा मागितला असेल तर मात्र कंजूषी करू नये. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, गाडी भरलेली असते आणि चढावर वरच्या गिअरमध्ये रेटली जाते. अशा वेळी खडखड ऐकू आली तर आधी गिअर उतरवावा, ओझे पाहावे, मग रेडिएटरचे पाणी, प्लग आणि साचलेला कार्बन मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. एवढे करूनही आवाज राहिला तर एक आकडा वर चढून पाहावे. २०२३ पूर्वीची गाडी असेल तर इथेनॉलमुळे रबरी नळ्या आणि वायसर नरमले नाहीत ना, हेही वर्षातून एकदा बघावे.

या शंभर वर्षांत धीर वाढवायला कधी शिसे घातले, कधी मद्यार्क. आणि धीर मोडायला रॉकेल. दर वेळी भरणाऱ्याला दिसला तो फक्त आकडा, किंवा फक्त भाव. शिशाच्या त्या काळात ज्यांनी 'यात घातले आहे तरी काय?' असे विचारले त्यांचे कुणी ऐकले नाही, आणि त्याची किंमत आमच्या पिढीपर्यंतच्या मुलांनी मोजली. आमची पोरे आता किती जोर येईल असे विचारतात. त्याच्या जोडीला हाही प्रश्न त्यांनी पंपावर विचारावा. टाकी भरताना तो विचारायला पैसे पडत नाहीत.