एक जंतू, दोन रोग: मदतनीस पेशींची गोष्ट आणि आपला विदर्भ

आज आपण शरीरातल्या एका पेशीचा इतिहास पाहणार आहोत. तिला 'मदतनीस टी पेशी' म्हणतात. विषय प्रयोगशाळेतला वाटेल, पण तो समजून घ्यायला विदर्भाइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. आपल्या महागावाहून यवतमाळपर्यंत जा. तिथून एक वाट वर्ध्याला जाते, एक अमरावतीला, एक वरोऱ्याकडे. तिन्ही ठिकाणी कुष्ठरोग्यांसाठी कुणीतरी आयुष्य वाहिलेलं आहे. या रोगाला आपल्याकडे महारोग म्हणत, आणि मदतनीस पेशी काय करतात हे माणसाला ज्या रोगांनी शिकवलं, त्यांत याचा मान मोठा आहे.

आधी कालक्रम पाहू. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला परचुरे शास्त्री या संस्कृत पंडितांच्या जखमा गांधीजी स्वतः धूत होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६ चं. बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापली १९४९ मध्ये, आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. या मंडळींनी सेवा सुरू केली तेव्हा रोगाचं कोडं सुटलेलं नव्हतं. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्येच जंतू दाखवला होता, म्हणजे पूर्वजन्मीचं पाप ही कल्पना विज्ञानाने तेव्हाच निकालात काढली होती. समाजाने मात्र ती सोडली नाही. आणि जंतू सापडूनही एक प्रश्न उरलाच: एकाच जंतूने एकाला साधा चट्टा येतो, दुसऱ्याचं सगळं अंग व्यापतं आणि बहुतेकांना काहीच होत नाही. असं का?

बाबांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. कलकत्त्याला कुष्ठरोगाचं शिक्षण घेत असताना त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात हे जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. पण त्या प्रसंगात प्रश्न अचूक दिसतो. जंतू तर आत गेला होता. मग निकाल कुणी लावला?

डॉक्टरांना रोगाचे दोन टोकाचे चेहरे ठाऊक होतेच. एका टोकाला थोडे, ठळक, बधिर चट्टे असतात आणि त्यांत जंतू जवळजवळ सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला त्वचेत जंतूंचे ढीगच्या ढीग असतात. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांमधल्या पायऱ्यांची पद्धतशीर मांडणी केली. जपानच्या मित्सुदा यांची चाचणी तर त्याही आधीची. मारलेले जंतू त्वचेत टोचायचे आणि तीन-चार आठवडे थांबायचं. पहिल्या प्रकारच्या रुग्णाला तिथे गाठ येते, दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला येत नाही. म्हणजे फरक जंतूत नव्हता, यजमानात होता.

आता पेशीकडे येऊ. ही जन्मते हाडांच्या मगजात, पण तिची शाळा छातीतल्या थायमस ग्रंथीत भरते. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की ही ग्रंथी निरुपयोगी नाही. परीक्षा कडक असते. जी पेशी काहीच ओळखत नाही ती बाद, आणि जी आपल्याच शरीरावर उठते तीही बाद. बहुतेक पेशी तिथेच मरतात. उरलेल्या रक्तात येतात, पण कोऱ्या असतात. एखादी पहारेकरी पेशी जंतूचा तुकडा पुढे धरते आणि सोबत रासायनिक निरोप देते, तेव्हा त्या निरोपावर कोऱ्या पेशीचं वळण ठरतं.

मॉसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींत अशी दोन वळणं दाखवली. पहिल्या वळणाची पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडते. त्यामुळे जंतू गिळून बसलेल्या भक्षक पेशींना जोर येतो आणि त्या पोटातला जंतू मारतात. दुसऱ्या वळणाची पेशी प्रतिद्रव्यांना बळ देते, पण पेशीच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत प्रतिद्रव्य पोचत नाही. १९९१ मध्ये मॉडलिन, ब्लूम आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या त्वचेत हाच नमुना दाखवला: थोड्या चट्ट्यांच्या रोगात पहिल्या वळणाचे निरोप, जंतूंनी भरलेल्या रोगात दुसऱ्या वळणाचे. पुढे आणखी प्रकार सापडले. आग वाढवणारे सापडले, तसे आग आवरणारेही. त्यामुळे हे दोन कप्पे म्हणजे ढोबळ नकाशा समजा.

मग पहिलं वळण चांगलं आणि दुसरं वाईट, असं म्हणायचं का? इथेच सावध राहायचं. हा जंतू मज्जातंतूत घर करतो. मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५० च्या सुमारास सुरुवातीच्या चट्ट्यांतल्या बारीक नसांचा बारकाईने अभ्यास केला होता. मदतनीस पेशी जोरात आल्या की त्या नसेतच दाह उसळतो. कोपरामागची नस सुजते, पण तिला फुगायला जागा नसते. ती दबते आणि हाताची करंगळी वाकू लागते. उपचार चालू असताना, कधी तो संपल्यावरसुद्धा, हे घडतं. लोक म्हणतात, "औषधाने बिघडलं." नाही. ही शरीराच्या बचावाची किंमत आहे. बोटं जंतू कुरतडत नाही. आधी नस जाते, मग वेदना जाते. कापूस वेचताना टोचलेलं कळत नाही, चुलीवरचं भांडं भाजलेलं कळत नाही, आणि जखमांवर जखमा होत बोटं झिजतात.

हे कळल्यामुळे काय बदललं? दाह वेळेवर ओळखला तर प्रेडनिसोलोनने तो आवरता येतो आणि अनेकदा हात वाचतो. मात्र मूळ औषध थांबवायचं नसतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात बहुविध औषधोपचार आला तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. रोग गेला असा नव्हे. रुग्णांना डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं, आणि हा रोग घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेला २०१९ मध्ये. औषध आल्यावरही कायदा इतकी वर्षं मागे राहिला.

तेव्हा मंडळी, वाकडी बोटं पाहून "अजून रोग आहे" असं म्हणू नका. रोग बरा झालेला असू शकतो. ती बोटं म्हणजे जुन्या लढाईची खूण. आणि घरात कुणाला न खाजणारा, बधिर चट्टा दिसला किंवा उपचार घेणाऱ्याची नस अचानक दुखू लागली, हात-पाय दुबळा वाटू लागला, तर पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. औषध फुकट मिळतं. गेलेली नस मात्र सहसा परत येत नाही.