ध्रुवीय समुद्रांतील आक्रमक जीव : अंदाज कसा बांधतात?

मानवी व्यवहारांमुळे परक्या समुद्रात पोहोचून तेथे रुजणाऱ्या व स्थानिक जीवसृष्टीला उपद्रव देणाऱ्या जीवांना ‘आक्रमक प्रजाती’ म्हणतात. ध्रुवीय समुद्रांचे त्यांच्यापासून आजवर अतिशीत पाण्याने बरेचसे रक्षण केले. तापमानवाढीमुळे हे संरक्षण आता दुबळे होत आहे.

अशा प्रसाराचा अंदाज दोन प्रश्नांवर आधारलेला असतो : जीव तेथे पोहोचेल का आणि पोहोचल्यास तगेल का? पहिल्यासाठी जहाजांचे मार्ग तपासतात; कारण जहाजाच्या समतोलासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून सागरी जीवांच्या अळ्या, तर बुडाला चिकटून शिंपले प्रवास करतात. दुसऱ्यासाठी त्या जीवाला मानवणारे तापमान व क्षारता यांची तुलना संगणकीय प्रारूपांनी वर्तविलेल्या भावी समुद्रस्थितीशी केली जाते. प्रौढ जीव थंडीत तगला, तरी अळ्यांच्या वाढीस पुरेसा उबदार काळ न मिळाल्यास त्याची वसाहत टिकत नाही.

स्वालबार्ड बेटांजवळ सुमारे हजार वर्षांच्या खंडानंतर २००४ मध्ये निळे शिंपले पुन्हा आढळले. २०१९ मध्ये अंटार्क्टिकाजवळील किंग जॉर्ज बेटालगतही शिंपल्यांची पिल्ले सापडली.

समुद्रात पसरलेली प्रजाती समूळ काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच कोणत्या बंदरांतून येणारी जहाजे आधी तपासावीत, हे सांगणारा अंदाज मोलाचा ठरतो. टाक्यांतील पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे. बुडाला चिकटणाऱ्या जीवांविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचना मात्र अद्याप ऐच्छिकच आहेत.